कोलेस्टेरॉलवरील औषधे आणि आहार : सोलापूरच्या रुग्णाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रास्ताविक

औषधसेवनकाल हा आपल्या शास्त्राचा फार जुना विषय आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अभक्त, प्राग्भक्त, अधोभक्त, मध्यभक्त, अंतराभक्त, सभक्त, सामुद्ग, मुहुर्मुहु, सग्रास आणि ग्रासांतर असे दहा औषधकाल सांगितले आहेत. अष्टांगहृदयाच्या दोषोपक्रमणीय अध्यायात निशाकालाचाही निर्देश येतो. एकच द्रव्य रिकाम्या पोटी, अन्नाबरोबर किंवा रात्री निजताना दिले असता त्याचे कार्य बदलते, हे या सर्व विवेचनामागील तत्त्व होय.

हे तत्त्व आपण आपल्या काष्ठौषधींना व रसकल्पांना लावतो. परंतु रुग्णाच्या पिशवीत आधीच असलेल्या आधुनिक गोळीस ते लावण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. वास्तविक संधिवात, अम्लपित्त, मलावष्टंभ अशा तक्रारींसाठी आपल्याकडे येणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी अनेकांना हृदयरोगतज्ज्ञाने वा फॅमिली डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केलेली असते. ‘वैद्यराज, या गोळीवर द्राक्षे चालतात का? गुग्गुळ चालतो का? एकादशीला गोळी घ्यायची का?’ असे प्रश्न तो आपल्यालाच विचारतो, किंवा औषधांच्या दुकानातील काउंटरवर विचारतो. त्यास मिळणारे उत्तर अचूक असले पाहिजे. चुकीच्या पथ्याने रुग्ण एखादे निरुपद्रवी फळ सोडतो एवढेच घडत नाही. पुष्कळदा तो फळ न सोडता गोळीच सोडतो.

ही गोळी कोणास द्यावी वा देऊ नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ती चालू असताना आहार, अनुपान व आपली औषधे यांचा तिच्याशी संबंध कसा येतो, एवढ्याचाच विचार येथे केला आहे.

औषधाची ओळख

स्टॅटिन वर्गातील औषधांचा उगम मनोरंजक आहे. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी हजारो बुरशींची तपासणी केली आणि पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन मिळविले. ही बुरशी क्योटो येथील तांदळाच्या नमुन्यावर सापडली होती. पुढे अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीपासून लोव्हास्टॅटिन मिळाले व १९८७ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतील एका प्रमुख विकराचे कार्य ही औषधे रोखतात. परिणामी यकृतपेशी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतात व रक्तातील त्याची पातळी उतरते.

आज आपल्याकडील रुग्णांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन ही दोन औषधे सर्वाधिक आढळतात. सिमव्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन ही त्यामानाने क्वचित दिसतात. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एलडीएलचे उद्दिष्ट सर्वसाधारण व्यक्तीत १०० पेक्षा कमी, अधिक जोखमीच्या व्यक्तीत ७० पेक्षा कमी आणि अत्यधिक जोखमीच्या व्यक्तीत, उदाहरणार्थ हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत, ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी ठेवावयाचे असते. अशा रुग्णाची गोळी चार-दोन महिने परस्पर बंद पडणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

कोणती गोळी केव्हा?

‘कोलेस्टेरॉलची गोळी’ असे एकच नाव घेऊन सर्वांना एकच सूचना देणे हा येथील पहिला दोष होय. या वर्गातील प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा आहे.

लोव्हास्टॅटिनची साधी गोळी रिकाम्या पोटी घेतली तर तिचे शोषण जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. म्हणून ती रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावयाची असते. आपल्या परिभाषेत तिचा काल सभक्त होय. सिमव्हास्टॅटिनच्या शोषणावर अन्नाचा विशेष परिणाम होत नाही, परंतु ते शरीरात अल्पकाळच टिकते. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक असल्याने ते सायंकाळी वा निजताना देतात. हा निशाकाल होय. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचे शोषण अन्नाने काहीसे मंदावते व घटते, तथापि एलडीएल उतरविण्याच्या कार्यात फरक पडत नाही. रोझुव्हास्टॅटिन व पिटाव्हास्टॅटिन यांनाही जेवणाचे बंधन नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन दीर्घकाळ टिकत असल्यामुळे सकाळ-रात्र हा भेद गौण ठरतो. रोज एकाच वेळी व न चुकता घेणे महत्त्वाचे ठरते.

स्टॅटिनबरोबर दिल्या जाणाऱ्या अन्य औषधांचेही असेच आहे. इझेटिमाइब जेवणाआधी वा नंतर केव्हाही चालते. फेनोफायब्रेटचे जुने प्रकार अन्नाबरोबर घेतल्यास चांगले शोषले जातात, तर अतिसूक्ष्म कणांच्या नव्या प्रकारांना ते बंधन नसते. म्हणून वेष्टनावरील सूचना वाचूनच सांगावे. कोलेस्टिरामिनची पूड जेवणाच्या वेळी द्यावयाची असते, मात्र ती अन्य औषधांना बांधून ठेवते. सबब इतर औषधे तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात.

द्राक्ष नव्हे, ग्रेपफ्रूट

आता आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. स्टॅटिनच्या माहितीपत्रकात ‘ग्रेपफ्रूट टाळावे’ अशी सूचना असते. इंग्रजी शब्दाच्या पूर्वार्धावरून ‘ग्रेप म्हणजे द्राक्ष’ असा अर्थ लावला जातो व रुग्णास द्राक्षे बंद करण्यास सांगितले जाते. सोलापूर हा द्राक्षांचा जिल्हा. ‘सोनाका’ हे द्राक्षवाण येथील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी विकसित केले आणि सोलापूर, नान्नज व काळे यांच्या आद्याक्षरांवरूनच त्यास ते नाव पडले. अशा मुलखात हा शब्दभ्रम साधा राहत नाही.

समजा, बार्शी तालुक्यातील एका बागायतदारास हृदयविकारानंतर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन सुरू आहे. त्यास कोणी सांगितले, ‘या गोळीवर द्राक्ष विषासमान आहे.’ फेब्रुवारी ते एप्रिल तो दिवसभर स्वतःच्या बागेत असतो. मणी चाखल्याशिवाय गोडी कळत नाही आणि गोडी कळल्याशिवाय माल उतरत नाही. दोहोंपैकी एक सोडावयाचे तर तो काय सोडील? हंगाम संपेपर्यंत गोळीच बाजूला ठेवील. ज्या संकटातून तो नुकताच वाचला, त्याचीच वाट या उपदेशाने पुन्हा मोकळी होईल.

वस्तुतः ग्रेपफ्रूट हे द्राक्ष नव्हेच. ते लिंबूवर्गीय फळ असून पपनस व गोड संत्रे यांच्या संकरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडीज बेटांवर उत्पन्न झाले. झाडावर ती फळे घोसाने लागतात, म्हणून इंग्रजीत त्यास असे नाव मिळाले, असे मानतात. कॅनडातील डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा परिणाम अभ्यासत असताना मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढलेली आढळली. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी या क्रियेची पुष्टी प्रसिद्ध केली.

याचे कारण असे. लहान आतड्याच्या भिंतीत ‘सीवायपी ३ए४’ नावाचे विकर असते. ते अनेक औषधांचा मोठा अंश रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकते. सिमव्हास्टॅटिनचा तर पाच टक्क्यांहूनही कमी अंश मूळ कार्यकारी रूपात सर्वांगात पोहोचतो, आणि औषधाची मात्रा हे गृहीत धरूनच ठरविलेली असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन वर्गातील द्रव्ये हे विकर निकामी करतात. मग मोडावयाचा अंश न मोडता रक्तात शिरतो. फिनलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुप्पट तीव्रतेचा रस दिवसातून तीनदा दिला असता सिमव्हास्टॅटिनची रक्तातील एकूण मात्रा सुमारे १६ पट झाली. त्याच संशोधकांनी पुढे नेहमीच्या तीव्रतेचा एक पेला रस रोज एकदा दिला, तेव्हाही ती साडेतीन पटींहून अधिक वाढली. अशा वाढीतून स्नायूंना इजा होण्याचा धोका संभवतो.

निकामी झालेले विकर पुन्हा दुरुस्त होत नाही. शरीराला ते नव्याने घडवावे लागते व त्यास एक ते तीन दिवस लागतात. म्हणून ‘फळ सकाळी, गोळी रात्री’ ही युक्ती येथे उपयोगी पडत नाही. लोव्हास्टॅटिन व सिमव्हास्टॅटिन यांवर हा परिणाम तीव्र, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर मध्यम, तर रोझुव्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिन व पिटाव्हास्टॅटिन यांवर नगण्य असतो. कारण या शेवटच्या तिघांचे पचन प्रायः त्या विकरावर अवलंबून नाही.

ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात विरळा. परंतु त्याचे जनक फळ पपनस आपल्या परिचयाचे आहे. कोकणात व गोव्यात गणपतीच्या माटोळीला ते बांधतात व त्या दिवसांत घरोघरी खाल्लेही जाते. पपनसातही फ्युरानोकुमारिन द्रव्ये असतात आणि मानवी चाचणीत पपनसाच्या रसाने सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तपातळी वाढल्याचे दिसून आले आहे. तेव्हा सिमव्हास्टॅटिन वा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यास पथ्य सांगावयाचे ते पपनसाचे व कडू संत्र्याचे. द्राक्षे, बेदाणे, मनुका यांचे नव्हे. नेहमीचे गोड संत्रे व मोसंबी यांनाही या कारणास्तव बंदी करण्याचे प्रयोजन नाही. रुग्ण मधुमेही असल्यास द्राक्षांच्या प्रमाणावर नियंत्रण हवे, पण ते शर्करेसाठी; गोळीसाठी नव्हे. ही दोन कारणे रुग्णासमोर वेगवेगळी मांडावीत.

डाळिंबाविषयी

द्राक्षानंतर प्रश्न येतो डाळिंबाचा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालापासून आपल्याच शहरात आहे, आणि सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. डाळिंबाच्या रसाविषयी शंका उत्पन्न झाली ती प्रामुख्याने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्तामुळे. रोझुव्हास्टॅटिन व इझेटिमाइब घेणाऱ्या एका गृहस्थाने काही आठवडे डाळिंबाचा रस घेतल्यावर त्याच्या स्नायूंचा तीव्र ऱ्हास झाला. मात्र त्या रुग्णाचे सीपीके हे स्नायुविकर औषध सुरू होण्यापूर्वीच वाढलेले होते. शिवाय रोझुव्हास्टॅटिन हे सीवायपी ३ए४ वर अवलंबून असणारे औषध नव्हे. प्रयोगनलिकेत डाळिंबाच्या रसाने हे विकर रोखले जाते हे खरे. परंतु निरोगी स्वयंसेवकांना रस पाजून सिमव्हास्टॅटिनची रक्तपातळी मोजली असता ती बदलली नाही, असे २०१६च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कोरियातील अभ्यासात आढळले.

एका रुग्णवृत्तावरून जिल्ह्याचे फळ निषिद्ध ठरविणे युक्त नव्हे. डाळिंबाचे दाणे अथवा पेलाभर रस रुग्णाने अवश्य घ्यावा. ज्यांना पूर्वी स्टॅटिनमुळे स्नायुशूल झाला आहे, त्यांनी मात्र रोज मोठ्या प्रमाणात रस पिण्याचा नवा उपक्रम आपल्या डॉक्टरांना सांगून करावा, एवढेच.

इसबगोल, भाकरी आणि अम्लपित्ताची औषधे

दुसऱ्या प्रकारचा संबंध आतड्याच्या पोकळीत घडतो. येथे विकराचा प्रश्न नसून औषध अन्य द्रव्यात अडकून पडण्याचा प्रश्न असतो; म्हणून येथे वेळेचे अंतर ठेवले की काम भागते.

१९९१ साली लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या मोजक्या रुग्णांत असे आढळले की, पेक्टिन अथवा ओटचा कोंडा भरपूर प्रमाणात सुरू केल्यावर त्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी चढले आणि ते तंतू बंद करताच पुन्हा उतरले. चिकट, विद्राव्य तंतूंनी औषध धरून ठेवले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. यावरून कोणी इसबगोल बंद करील तर तो मोठी चूक करील. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ६८ रुग्णांच्या चाचणीत १० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिनने एलडीएल सरासरी ५५ मिलिग्रॅमने उतरले. त्याच मात्रेस रोज १५ ग्रॅम इसबगोलाची जोड दिली तेव्हा ते ६३ मिलिग्रॅमने उतरले. २० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिनचा परिणामही तेवढाच होता. इसबगोल स्वतः पित्ताम्लांना बांधून मलावाटे बाहेर नेतो व कोलेस्टेरॉल उतरविण्यास साहाय्य करतो. तेव्हा गोळी व इसबगोल एकाच घोटात न घेता दोहोंत दोन ते चार तासांचे अंतर ठेवावे. इसबगोल रात्री निजताना घेणाऱ्या मलावष्टंभाच्या रुग्णास रोझुव्हास्टॅटिन वा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन असल्यास गोळी सकाळी हलविता येते. ते मूळ औषधयोजना करणाऱ्या डॉक्टरांना कळवून करावे.

ज्वारीच्या भाकरीविषयीही प्रश्न विचारला जातो. ज्वारीतील तंतू बहुतांशी अविद्राव्य असून पेक्टिनप्रमाणे चिकट नाहीत. त्यामुळे मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, मटकीची वा हुलग्याची उसळ असे आपले नेहमीचे जेवण गोळीच्या आड येत नाही. उलट हेच खरे पथ्य होय. शेंगांची चटणीही निषिद्ध नाही. शेंगदाण्यातील स्निग्धांश बहुतांशी असंतृप्त असतो. चटणीवर ओतले जाणारे तेल व तीतील मीठ किती, याकडे मात्र लक्ष द्यावे.

या प्रकारातील तिसरी बाब अम्लपित्तावरील औषधांची. अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडयुक्त पातळ औषध रोझुव्हास्टॅटिनबरोबरच घेतल्यास रोझुव्हास्टॅटिनची रक्तपातळी सुमारे निम्म्याने घटते; ते दोन तासांनंतर घेतल्यास ही घट पुष्कळ कमी होते. तिखट जेवणानंतर असे औषध घोटभर पिण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे आणि गोळीही त्याच वेळी घेतली जाते. औषधविक्रेत्यांनी दोन्ही वस्तू एका पिशवीत देताना हे एक वाक्य अवश्य सांगावे. शंखभस्म, प्रवाळपंचामृत, कामदुधा यांसारखे क्षारधर्मी कल्प योजतानाही सावधगिरी म्हणून तेवढेच अंतर ठेवणे हितावह होय.

आपली औषधे : गुग्गुळ व त्रिकटु

हा भाग आपल्या अधिकारक्षेत्रातील असल्याने येथे अधिक दक्षता हवी. सुश्रुतांनी केलेले मेदोरोगाचे व गुग्गुळाचे वर्णन समोर ठेवून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन केले व १९६६ साली प्रबंध सादर केला. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने पुढे गुग्गुलिपिड विकसित केले. भारतातील अनेक अभ्यासांत त्याने कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. तथापि २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर गुग्गुलिपिड घेणाऱ्या गटाचे एलडीएल उतरले नाही, किंबहुना चार ते पाच टक्क्यांनी वाढले, आणि काहींना त्वचेवर पुरळ उठले. दोन्ही प्रकारचे निष्कर्ष आपल्याला ठाऊक असले पाहिजेत. ‘गुग्गुळ चालू आहे, आता गोळी नको’ असे रुग्णास सांगण्याइतका आधार आज उपलब्ध नाही.

याहून जवळचा प्रश्न परस्पर-परिणामाचा. १९९४ साली मुंबईतील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना गुग्गुलिपिडची एक मात्रा देऊन प्रोप्रानोलोल व डिल्टियाझेम या हृदयरोगावरील औषधांची रक्तपातळी मोजली. दोन्ही औषधांची पातळी घटलेली आढळली. पुढे पेशींवरील प्रयोगांत गुग्गुलस्टेरोन हे द्रव्य सीवायपी ३ए वर्गातील विकरांची निर्मिती वाढवीत असल्याचे दिसून आले. म्हणजे ग्रेपफ्रूट जे विकर निकामी करते, तेच गुग्गुळ वाढवू शकतो. एकाने औषध अधिक होण्याचे भय, दुसऱ्याने औषध उणे पडण्याचे.

पिप्पली व मरिच यांतील पाइपरिन याच्या उलट दिशेने कार्य करते. १९९८ साली बंगळूर येथील अभ्यासात २० मिलिग्रॅम पाइपरिनच्या योगाने मानवी रक्तात हरिद्रेतील कर्क्युमिनची उपलब्धता वीस पट वाढली. २००२ साली पाइपरिन सीवायपी ३ए४ व औषध बाहेर फेकणारे पी-ग्लायकोप्रोटीन या दोहोंना रोखते, असे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. फेनिटॉइन व प्रोप्रानोलोल यांची पातळी मानवात वाढल्याचीही नोंद आहे. भाजी-आमटीतील चिमूटभर मिऱ्याने काही बिघडत नाही. परंतु त्रिकटु चूर्ण मधाबरोबर दिवसातून दोन-तीनदा औषधी मात्रेत देणे ही वेगळी गोष्ट होय.

आता मेदोरोगात नित्य योजला जाणारा नवक गुग्गुळ पाहा. त्यात त्रिकटु, त्रिफळा, मुस्ता, विडंग, चित्रक व गुग्गुळ आहेत. म्हणजे विकर रोखणारी व विकर वाढविणारी अशी दोन्ही द्रव्ये एकाच कल्पात नांदतात. त्रिफळा गुग्गुळातही पिप्पली आहे. ज्या रुग्णास स्टॅटिन लागते, त्याच रुग्णास हे कल्प देण्याचा मोह सर्वाधिक होतो. ते देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. मात्र सिमव्हास्टॅटिन वा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू असताना असा कल्प सुरू करावयाचा, तर मूळ डॉक्टरांना लेखी कळवावे, मात्रा व काल रुग्णपत्रिकेत नोंदवावा, सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड तपासणी व यकृतविकरांची तपासणी करावी, आणि कल्प थांबवितानाही तेवढीच नोंद ठेवावी. हे कल्प विकर वाढवीत वा रोखीत असल्यास वेळेचे अंतर ठेवून प्रश्न सुटत नाही, हे येथेही लक्षात असावे.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाविषयीही औषधविक्रेत्यांनी सावध असावे. मोनास्कस बुरशीने आंबविलेल्या या तांदळातील मोनॅकोलिन-के हे द्रव्य रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच होय. युरोपीय संघाने २०२२ साली अशा उत्पादनांतील मोनॅकोलिनवर दिवसास तीन मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मर्यादा घातली. स्टॅटिन घेणाऱ्यास हे उत्पादन देणे म्हणजे नकळत दुसरे स्टॅटिन देणे होय.

उपास, वारी आणि रात्रपाळी

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान यांच्या काळात ‘उपाशीपोटी गोळी बाधेल’ या समजुतीने गोळी चुकते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन यांना अन्नाचे बंधन नसल्याने उपासाच्या दिवशीही ती पाण्याबरोबर घेता येतात. रोजा ठेवणाऱ्याने इफ्तारनंतर किंवा सहरीच्या वेळी, पण रोज त्याच वेळी घ्यावी. यंत्रमागावर वा कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यास ‘रात्री’ या शब्दाचा अर्थ उलगडून सांगावा. दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीसाठी त्याने पाळी बदलली तरी न बदलणारी एक वेळ निवडावी.

आषाढीस पंढरपूरला पायी जाणाऱ्यांची बाब निराळी. चालून पाय दुखणे स्वाभाविक आहे, आणि स्टॅटिनमुळेही स्नायू दुखतात. श्रमजन्य वेदना विश्रांतीने व अभ्यंगाने दोन-चार दिवसांत शमते. दोन्ही मांड्या, पोटऱ्या वा खांदे सममितपणे दुखणे, विश्रांतीनंतरही वेदना टिकणे, जिना चढताना वा उकिडवे बसून उठताना बळ न पुरणे ही स्टॅटिनजन्य विकाराकडे बोट दाखवणारी लक्षणे होत. त्यासोबत लघवी गडद, चहासारखी झाली तर ती आत्ययिक अवस्था समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. केवळ वातशामक चिकित्सा करीत बसू नये. अवटु ग्रंथीचे कार्य मंद असलेल्यांत कोलेस्टेरॉल व स्नायुशूल ही दोन्ही वाढतात, हेही स्मरणात ठेवावे.

गोळी आहे म्हणून पथ्य सुटते

आहाराचा गोळीवर होणारा परिणाम आपण पाहिला. गोळीचा आहारावर होणारा परिणामही दुर्लक्षणीय नाही. अमेरिकेत १९९९ ते २०१० या काळातील पाहणीत स्टॅटिन घेणाऱ्यांचे उष्मांकसेवन सुमारे साडेनऊ टक्क्यांनी व स्निग्धांशसेवन सुमारे चौदा टक्क्यांनी वाढले. न घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. ‘गोळी आहे ना, मग खाऊ द्या’ ही वृत्ती आपल्याकडेही परिचित आहे. पथ्य पाळणारा रुग्ण व त्यास पथ्य समजावणारा वैद्य यांचे स्थान कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. आपले खरे कार्य येथेच आहे.

व्यवहारात काय करावे?

१. रुग्णाच्या गोळीची पट्टी स्वतः पाहावी व औषधाचे मूळ नाव रुग्णपत्रिकेत लिहावे. ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ एवढी नोंद पुरेशी नाही.

२. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन वा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन असल्यास ग्रेपफ्रूट व पपनस टाळण्यास सांगावे. द्राक्षे, बेदाणे, डाळिंब, मोसंबी बंद करू नयेत.

३. इसबगोल व गोळी यांत दोन ते चार तासांचे, अम्लपित्तावरील औषध व रोझुव्हास्टॅटिन यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

४. गुग्गुळ वा त्रिकटुयुक्त कल्प सुरू करताना व थांबविताना नोंद, कळविणे आणि तपासणी ही तिन्ही करावीत.

५. औषधविक्रेत्यांनी स्टॅटिन हे शेड्यूल एचमधील औषध असल्याचे विसरू नये. चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि एका स्टॅटिनच्या जागी परस्पर दुसरे देऊ नये. अन्नाचे व फळांचे नियम त्यासरशी बदलतात.

६. घेण्याची वेळ पाकिटावर मराठीत, आणि रुग्ण तेलुगू वा कन्नड भाषक असल्यास त्याला समजेल अशा खुणेने लिहून द्यावी.

७. कोणतीही शंका आली तरी गोळी परस्पर बंद करण्यास सांगू नये. अपवाद गडद लघवीसह तीव्र स्नायुशूलाचा. तेथे पुढील गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठावे.

उपसंहार

आहार व औषध यांचे संबंध तीन प्रकारचे असल्याचे वरील विवेचनावरून दिसून येईल. काही द्रव्ये औषधास आतड्यात अडकवितात. तेथे अंतर ठेवावे. काही द्रव्ये विकर रोखतात वा वाढवितात. तेथे अंतराचा उपयोग नाही, म्हणून वर्ज्य करावे अथवा देखरेखीखाली द्यावे. आणि पुष्कळ द्रव्यांचा काहीच संबंध नसतो. तेथे मौन बाळगावे, कारण अकारण दिलेले पथ्य रुग्णाचा सर्वच पथ्यांवरील विश्वास उडविते. अनुपान व औषधसेवनकाल यांचा सूक्ष्म विचार करण्याची परंपरा आपल्याजवळ आहे. तीच दृष्टी रुग्णाच्या हातातील दुसऱ्या पट्टीकडे वळवावी, एवढीच वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस आमची विनंती आहे.